भिडू, बोल किती हात?

मुलांनो, तुमच्या दप्तरात काय काय असतं? वह्या, पुस्तकं, कंपास, डबा, पाण्याची बाटली. कुणाच्या दप्तरात चिंचा असतात, तर कुणाच्या दप्तरात गोट्या. पण आमच्या शाळेत एका मुलाच्या दप्तरातून काय निघालं, सांगू? पत्त्यांचा कॅट!

गोष्ट आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यातली आहे. श्रावणातली झड लागली होती. झड म्हणजे काय, हे विदर्भातल्या मुलांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते. दोन-दोन, तीन-तीन दिवस पाऊस थांबायचं नावच घेत नाही, तिला आम्ही झड म्हणतो. सोयाबीनच्या शेतात पाय ठेवता येत नाही, शाळेच्या मैदानाचा नुसता चिखल होतो. मग मधल्या सुट्टीत मुलं वर्गातच असतात. अशाच एका दुपारी मी वर्गात शिरले, तर मागच्या कोपऱ्यात चौघांचा डाव रंगलेला. मला पाहताच पळापळ झाली. कॅटचा मालक होता सहावीतला एक मुलगा. तो बिचारा रडवेला होऊन म्हणाला, “मॅडम, पैशाचा नव्हता जी! नुसता मेंढीकोट होता!”

मी काय केलं असेल? कुठलीही शिक्षिका करील तेच केलं. कॅट जप्त केला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी त्याची आई भर पावसात शाळेत आली. मला वाटलं, कॅट मागायला आली. पण ती म्हणाली, “मॅडम, ते पत्ते चुलीत घाला. पत्त्यापायीच आमच्या घरची बैलजोडी गेली जी. तेही पोळ्याच्या रात्री.”

मला काय बोलावं सुचेना. पोळा म्हणजे बैलांचा सण. त्याच सणाला आमच्याकडे काही ठिकाणी पैसे लावून पत्ते खेळायला बसतात. सकाळी ज्या बैलांची पूजा केली, तेच रात्री डावात जातात. हे ज्या घरात घडलं, त्या घरातल्या आईला पत्त्यांचा राग येणार नाही तर काय?

काकांचा प्रश्न

संध्याकाळी मी ही गोष्ट आमच्या शेजारच्या काकांना सांगितली. काका बँकेतून निवृत्त झालेले. दर रविवारी त्यांच्या ओट्यावर ते, काकू आणि त्यांचे दोन मित्र पत्ते खेळत बसतात. मी कधी त्या बाजूला फिरकले नव्हते. काकांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, “मॅडम, बैल कुणी नेले? पत्त्यांनी की पैशांनी?”

मी गप्प.

“रविवारी या. एक जण गावाला गेलाय. आम्हाला चौथा भिडू हवाच आहे. ब्रिज शिकवतो तुम्हाला.”

ब्रिज म्हणजे पूल एवढंच मला ठाऊक! पण गेले. आणि मुलांनो, पहिल्याच दिवशी माझी अशी फजिती झाली की विचारू नका. हातात बदामाचे पत्ते पुष्कळ दिसले म्हणून मी ऐटीत “चार बदाम” म्हणाले. चार बदाम म्हणजे १० हात करायचे असतात, हे मला कुठे माहीत! झाले सातच. तीन हात कमी पडले. समोर बसलेल्या काकू, म्हणजे माझा भिडू, काही रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, “बोलण्याआधी पत्ते मोजायचे असतात बरं.”

ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आणि हा खेळही! आता तुम्हालाही शिकवते. घाबरू नका. ज्याला मेंढीकोट येतो, त्याला अर्धा ब्रिज आलाच म्हणून समजा.

मेंढीकोटातून ब्रिजकडे

मेंढीकोटात चौघे असतात. समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. प्रत्येकाला १३ पत्ते. ब्रिजमध्ये अगदी तसंच. एक जण उतारी करतो, म्हणजे पहिला पत्ता टाकतो. बाकीच्यांनी त्याच रंगाचा पत्ता टाकायचा. इस्पिक आला तर इस्पिक, बदाम आला तर बदाम. तो रंग हातात नसेल तरच दुसरा पत्ता चालतो. चौघांचे चार पत्ते पडले की एक हात झाला. उतरलेल्या रंगाचा सगळ्यांत मोठा पत्ता ज्याचा, त्याचा तो हात. पण कुणी हुकमाने कापलं, तर सगळ्यांत मोठ्या हुकमाचा. हात ज्याने जिंकला, पुढची उतारी त्याची. असे एकूण १३ हात. पत्त्यांत एक्का सर्वांत मोठा. मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, असं उतरत उतरत दुर्रीपर्यंत.

मग फरक कुठे आहे? तीन ठिकाणी.

पहिला फरक. मेंढीकोटात दश्श्या पकडायच्या असतात. ब्रिजमध्ये दश्शीला वेगळा मान नाही. किती हात केले एवढंच मोजायचं.

दुसरा फरक. ब्रिजमध्ये खेळण्याआधी बोली होते. लिलावात असते ना, तशी.

तिसरा फरक तर फार मजेचा. बोली जिंकणाऱ्या जोडीतला एक जण आपले १३ पत्ते सगळ्यांना दिसतील असे टेबलावर मांडून ठेवतो आणि स्वतः गप्प बसतो! त्याला डमी म्हणतात. त्याचा भिडू दोघांचेही पत्ते खेळतो. त्याला म्हणतात डिक्लेअरर. म्हणजे आपले १३ आणि डमीचे १३ असे २६ पत्ते प्रत्येक खेळाडूला दिसत असतात. न दिसणारे २६ कुणाकडे कसे असतील, हे डोक्याने शोधून काढायचं. खरा खेळ तो हाच.

बोली म्हणजे वचन

आता बोलीचं गणित पाहू. पहिले सहा हात बोलीत धरतच नाहीत. “एक बदाम” म्हणजे ६ अधिक १, म्हणजे बदाम हुकूम करून ७ हात करीन. “चार इस्पिक” म्हणजे १० हात. “सात” म्हणजे सगळेच्या सगळे १३.

रंगांनाही चढता क्रम आहे. सर्वांत खाली किलवर, मग चौकट, मग बदाम, मग इस्पिक. त्याहून वर बिनहुकमी, म्हणजे हुकूमच नाही असा डाव. त्याला नो ट्रम्प म्हणतात. कुणी “एक बदाम” बोललं तर तुम्ही “एक इस्पिक” बोलू शकता, पण “एक चौकट” बोलता येत नाही. त्यासाठी “दोन चौकट” म्हणावं लागेल. एक ते सात आकडे आणि पाच प्रकार, म्हणजे बोली किती झाल्या? ७ गुणिले ५, बरोबर ३५. बोलायचं नसेल तर “पास” म्हणायचं. एका बोलीनंतर लागोपाठ तिघांनी पास म्हटलं की बोली संपली.

या खेळाचा आजोबा म्हणजे इंग्लंडमधला व्हिस्ट. एडमंड हॉईल नावाच्या गृहस्थाने १७४२ साली व्हिस्टवर पुस्तिका लिहिली होती, इतका तो जुना. पुढे व्हिस्टपासून ब्रिज झाला, त्यातून ऑक्शन ब्रिज, म्हणजे लिलावाचा ब्रिज. त्यात एक गंमत होती. कमी हात बोलून जास्त केले, तरी ते सगळे डाव जिंकायच्या हिशेबात धरले जात. मग कोण कशाला मोठं बोलेल? १९२५ साली अमेरिकेतला हॅरल्ड व्हँडरबिल्ट पनामा कालव्यातून बोटीने प्रवास करत होता. बोटीवर वेळ कसा घालवायचा? त्याने मित्रांबरोबर पत्ते खेळता खेळता नवे नियम बसवले. त्यातला मुख्य नियम असा, की जेवढं बोललात तेवढंच डावाच्या हिशेबात. जास्तीच्या हातांचे गुण वेगळे आणि थोडे. म्हणून हा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज झाला. कॉन्ट्रॅक्ट म्हणजे करार. आज जगभर खेळतात तो हाच.

गुणांचा हिशेब वहीत उतरवून घ्या. किलवर आणि चौकट यांना प्रत्येक हाताचे २० गुण. बदाम आणि इस्पिक यांना ३०. बिनहुकमीत पहिल्या हाताचे ४० आणि पुढच्या प्रत्येकाचे ३०. हे फक्त सहाच्या वरच्या हातांचे, बरं का. बोलीचे गुण १०० किंवा जास्त झाले की ‘गेम’ होतो आणि मोठं बक्षीस मिळतं. मग सांगा, गेमसाठी किती बोलावं लागेल? बिनहुकमीत तीन, कारण ४० अधिक ३० अधिक ३०. बदाम किंवा इस्पिक असेल तर चार, आणि किलवर किंवा चौकट असेल तर पाच. आणि बोललेले हात झाले नाहीत तर? कमी पडलेल्या प्रत्येक हाताला समोरच्यांना निदान ५० गुण. माझ्या त्या “चार बदाम”चे १५० गुण गेले ते असे!

आधी मोजा, मग बोला

आपल्या पत्त्यांत किती जोर आहे, हे कसं ओळखायचं? सोपं आहे. एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १. एका रंगात झाले १०, चार रंगांत ४०. चौघांत मिळून ४० गुण, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सरासरी १०. तुमच्याकडे १२-१३ असतील तर बोली सुरू करायला हरकत नाही. तुमचे आणि भिडूचे मिळून २५-२६ भरत असतील तर गेम होण्याचा संभव चांगला. ३३च्या आसपास असतील तर १२ हातही होतील. त्याला म्हणतात स्लॅम.

पण भिडूकडे किती आहेत हे कळणार कसं? त्याचे पत्ते तर दिसत नाहीत. बोलीतूनच कळवायचं! “एक इस्पिक” म्हणजे नुसतं ‘सात हात करीन’ नव्हे. ‘भिडू, माझ्याकडे निदान बारा गुण आहेत आणि इस्पिक लांब आहेत’ असाही त्याचा अर्थ. तुम्ही खोटं बोललात, फुगवून बोललात, की भिडू फसला. आणि भिडू फसला की तुम्हीही बुडालात! आमच्या वर्गातल्या एका मुलीने हे फार छान सांगितलं. ती म्हणाली, “मॅडम, यात दुसऱ्याला फसवण्यापेक्षा आपल्याला खरं सांगणं जास्त अवघड आहे.”

करून पाहा

पूर्ण बोली शिकायला महिने लागतात. म्हणून सुरुवात मिनी ब्रिजने करा. युरोपातल्या शाळांमध्ये मुलांना असाच शिकवतात. पत्ते वाटा. प्रत्येकाने आपले गुण मोजून मोठ्याने सांगायचे. चौघांची बेरीज ४० आली नाही, तर कुणीतरी बेरजेत चुकलंय! ज्या जोडीचे गुण जास्त, ती जोडी खेळणार. दोन्हीकडे वीस-वीस झाले तर पत्ते पुन्हा वाटा. जिंकलेल्या जोडीत ज्याचे गुण जास्त, तो डिक्लेअरर. सारखे असतील तर ज्याने आधी सांगितले तो. त्याच्या भिडूने पत्ते उघडे मांडायचे. मग डिक्लेअररने दोन्ही बाजूंचे पत्ते पाहून हुकूम ठरवायचा आणि किती हात करणार ते सांगायचं. त्याच्या डाव्या हाताचा खेळाडू पहिली उतारी करील.

हा डाव घरच्या कॅटमधून काढून मांडा.

तुमचे पत्ते: इस्पिकचे एक्का, राजा, दश्शी, सत्ती, चौकी. बदामाचे राणी, अठ्ठी, तिर्री. चौकटचे एक्का, नव्वी, पंजी. किलवरचे छक्की आणि दुर्री.

डमीचे पत्ते: इस्पिकचे राणी, अठ्ठी, पंजी. बदामाचे राजा, गुलाम, छक्की. चौकटचे राजा, अठ्ठी, चौकी, दुर्री. किलवरचे एक्का, सत्ती, तिर्री.

गुण मोजा. तुमचे १३, डमीचे १३, एकूण २६. गेम खेळण्याजोगे! इस्पिक दोघांचे मिळून आठ, म्हणून हुकूम इस्पिक. करार १० हातांचा. डावीकडच्याने किलवरचा राजा उतरला. थांबा! लगेच पत्ता टाकू नका. आधी मोजा. किलवरचा एक्का, १ हात. चौकटचे एक्का-राजा, २ हात. बदामाचा एक्का समोरच्यांकडे आहे. तो एकदा देऊन टाकला की आपले २ हात नक्की. हे झाले ५. इस्पिकचे ५ मिळाले की १० पुरे.

इस्पिकचे पाच मिळतील का? तेरातून आठ गेले, समोरच्या दोघांकडे उरले पाच. हे पाच त्यांच्यात ३ आणि २ असे वाटलेले असतील, तर तुम्ही एक्का-राजा-राणीने तीन वेळा हुकूम खेळून त्यांचे सगळे हुकूम काढून घ्याल. १०० पैकी साधारण ६८ वेळा ते ३-२च असतात. हे नशीब नव्हे बरं, हे गणित आहे. म्हणून किलवरच्या एक्क्याने पहिला हात घ्या, तीन वेळा हुकूम खेळा आणि मग बदाम काढा. त्यांना बदामाचा एक्का, एक किलवर आणि एक चौकट असे तीनच हात मिळतील. तुमचे १० पूर्ण!

आणि हुकूम न काढता आधीच बदाम खेळलात तर? एखाद्याकडे बदाम संपतील, तो छोटासा हुकूम टाकून तुमचा राजा कापून नेईल. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी हेच झालं. राजा एका तिर्रीने मारला गेला आणि सगळा वर्ग हसला.

आणखी एक छोटी युक्ती. डमीकडे एखाद्या रंगाचे एक्का आणि राणी आहेत, राजा समोरच्यांपैकी कुणाकडे तरी आहे. एक्का लगेच खेळू नका. आपल्या हातातून लहान पत्ता उतरा आणि डावीकडचा काय टाकतो ते पाहा. त्याने राजा टाकला तर डमीचा एक्का टाका, राणी मोठी झाली. त्याने लहान टाकला तर राणी टाका. राजा त्याच्याकडेच असेल तर राणीचा हात झाला. उजवीकडच्याकडे असेल तर गेला. दहातून पाच वेळा युक्ती साधते. हिला फिनेस म्हणतात.

सगळ्यांना एकच प्रश्नपत्रिका

तुम्ही म्हणाल, “पण मॅडम, पत्तेच वाईट आले तर?” रास्त शंका आहे. ५२ पत्त्यांतून १३ पत्ते किती वेगवेगळ्या प्रकारे येऊ शकतात, ठाऊक आहे? ६,३५,०१,३५,५९,६०० प्रकारे. म्हणजे ६३ हजार ५०१ कोटींहून जास्त! तेव्हा कुणाला काय येईल ते आपल्या हातात नाही.

म्हणून मोठ्या स्पर्धांमध्ये एक सुंदर सोय असते. तिला डुप्लिकेट ब्रिज म्हणतात. वाटलेले पत्ते चार कप्प्यांच्या एका पाटात ठेवतात. एका टेबलावर डाव खेळून झाला की तेच पत्ते, तसेच वाटलेले, दुसऱ्या टेबलावर जातात. मग तिसऱ्या. तुमच्याकडे जे वाईट पत्ते आले, तेच दुसऱ्या टेबलावर तुमच्या जागी बसलेल्याकडे येतात. त्याने त्या पत्त्यांवर काय केलं आणि तुम्ही काय केलं, एवढंच पाहतात. सगळ्या वर्गाला एकच प्रश्नपत्रिका, नाही का? मग “मला पेपर कठीण आला” म्हणायला जागाच राहत नाही.

आणि खाणाखुणा? मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं, खोकणं, नाक खाजवणं, हे सगळं चालतं, खरं की नाही? ब्रिजमध्ये अजिबात नाही. आवाज चढवून बोलणंसुद्धा चूक. म्हणून स्पर्धेत बोली तोंडाने बोलतच नाहीत, छापील कार्डं पुढे ठेवतात. मोठ्या स्पर्धांत तर टेबलावर तिरपा पडदा लावतात, भिडूला भिडू दिसतच नाही. शिवाय तुमच्या बोलीचा खास अर्थ काही ठरलेला असेल, तर तो विचारल्यावर समोरच्यांनाही सांगावा लागतो.

शेतकऱ्यांचं ब्रिजचं गाव

“हा खेळ शहरातल्या क्लबांतल्या साहेबांचा, आपल्याला काय करायचाय?” असं आमच्या शिक्षकांच्या खोलीत एकाने म्हटलं. त्यांना मी एका गावाची गोष्ट सांगितली.

आपल्या वाशीमवरून पूर्वी छोटी रेल्वेगाडी अकोल्यावरून खंडव्याला जायची. तो भाग निमाडचा. आपल्यासारखाच कापसाचा मुलूख. त्याच निमाडात, मध्य प्रदेशातल्या खरगोन जिल्ह्यात, रायबिडपुरा नावाचं गाव आहे. खरगोन जिल्ह्याची हद्द महाराष्ट्राला लागूनच आहे. १९६०च्या दशकात या गावात एक पशुवैद्यक नोकरीला आले. गुरांचे डॉक्टर. त्यांना ब्रिजचा नाद, पण खेळायला भिडू कुठून आणणार? त्यांनी गावकऱ्यांनाच शिकवलं. डॉक्टर गेले, खेळ राहिला. दिवसभर शेतात राबायचं आणि संध्याकाळी ब्रिजला बसायचं, अशी रीत पडली. तिथले शेतकरी बाहेरच्या मोठ्या स्पर्धांनाही जाऊन आले. जे पत्ते एका गावात बैलजोडी घेऊन जातात, त्याच पत्त्यांनी दुसऱ्या गावाचं नाव झालं. मग काकांचा प्रश्न पुन्हा आठवा. दोष कुणाचा?

साठाव्या वर्षी सुवर्णपदक

२०१८ साली इंडोनेशियात आशियाई खेळ झाले. ब्रिजचा समावेश त्यात पहिल्यांदाच झाला होता. १ सप्टेंबर २०१८ला भारताला दोन सुवर्णपदकं मिळाली. एक मुष्टियोद्धा अमित पंघाल याचं, वय २२. दुसरं ब्रिजमधल्या प्रणव बर्धन आणि शिबनाथ दे सरकार या जोडीचं. त्यांची वयं किती? बर्धन ६० आणि सरकार ५६! त्याच स्पर्धेत पुरुषांच्या संघाला आणि मिश्र संघाला कांस्यपदक मिळालं. भारताच्या पथकात रीटा चोक्सी या ७९ वर्षांच्या आजीही ब्रिज खेळायला गेल्या होत्या. पुढे २०२३ साली चीनमधल्या हांगझोऊला पुरुषांच्या संघाने रौप्यपदक आणलं. त्या संघातले जग्गी शिवदासानी आपल्या मुंबईचे.

म्हणजे धावता येत नाही, उंची कमी आहे, चष्मा आहे, तरी देशासाठी पदक आणता येतं. आणि आज शिकायला लागलात, तर तुमच्याकडे पन्नास वर्षं आहेत सरावाला!

आईबाबांसाठी दोन शब्द

आता मुलांनी हे पान आईबाबांच्या हातात द्यावं. तुमची भीती खोटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली रमीच्या एका खटल्यात ब्रिजचा दाखला दिला होता. पत्ते वाटताना नशीब येतं, तसं ते ब्रिजमध्येही येतं, पण पुढचा खेळ मुख्यतः कौशल्याचा, असं न्यायालयाने म्हटलं. तीन पत्तीला मात्र निव्वळ नशिबाचा खेळ ठरवलं. पण मी एवढ्यावर थांबणार नाही. कौशल्याच्या खेळालाही पैसा चिकटला की घर बुडतं, हे मोबाइलवरच्या रमीने दाखवून दिलं. म्हणूनच २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, त्यातून कौशल्याचे खेळही सोडले नाहीत. तेव्हा घरात नियम एकच ठेवा. पैसा नाही, चॉकलेट नाही, शेंगदाणासुद्धा नाही. लावायचं काहीच नाही. ब्रिजला पैशांची गरजही लागत नाही, कारण बोललेलं करून दाखवण्यातच त्याची मजा आहे. आणि मुलांबरोबर स्वतः बसा. चौथा भिडू हवाच असतो.

आणि ती आई?

मी तो कॅट चुलीत घातला नाही. पण त्या आईला विचारल्याशिवाय कपाटातून काढलाही नाही. पोळा होऊन गेला, मग तिला शाळेत बोलावलं. “ताई, बसा,” म्हणून सगळं समजावून सांगितलं. तिने तीन अटी घातल्या. कॅट शाळेतच राहील. डाव शनिवारी, मॅडमसमोरच होईल. आणि पोळ्याच्या आठवड्यात पत्त्याला कुणी हात लावायचा नाही. मी तिन्ही कबूल केल्या. आता आनंददायी शनिवारी आमच्या वर्गात दोन चटयांवर दोन डाव मांडतात. पहिलं महिनाभर नुसता गोंधळ होता. कोणी पाळी नसताना उतारी करायचं, कोणी हुकूम कुठला तेच विसरायचं. पण मुलं वजाबाकी तोंडी करायला लागली. बेरीज ४० येईना, की आपापली पुन्हा मोजायला लागली.

एका शनिवारी एक मुलगी मामाच्या गावाला गेलेली. चौथा भिडू नाही. नेमकी तीच आई लेकाचा डबा द्यायला आलेली. लेक म्हणाला, “माय, बस ना!” ती नको नको म्हणत दारातच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, “माहेरी मेंढीकोट खेळत होती मी.” आणि बसली.

तिच्याकडे १५ गुण आले, डमीकडे ८. डिक्लेअरर तीच. तिने चौकट हुकूम केला. लेक उतावीळ होऊन म्हणाला, “माय, दहा बोल!” तिने दोन्हीकडचे पत्ते बोट ठेवून ठेवून मोजले. एकदा नाही, दोनदा. आणि म्हणाली, “आठ.”

आठच झाले. एक कमी नाही, एक जास्त नाही.

पत्ते गोळा करून माझ्या हातात देताना ती म्हणाली, “जेवढं हातात हाये, तेवढंच बोलावं माणसानं.”

कॅट मी कपाटात ठेवला, कुलूप लावलं. तिची अट होती ना! पण तुमच्या घरी मोठ्यांनी हो म्हटलं असेल, तर काढा कॅट. चौघं जमवा. पत्ते नीट पिसा, एकेक करून वाटा, गुण मोजा. आणि समोर बसलेल्याला विचारा, “भिडू, बोल किती हात?”